शहाबादी फरशी आणि अंतराळातील खाणी

पायांखालच्या वस्तूकडे माणसाचे लक्ष सहसा जात नाही. आमच्या किनारपट्टीवरील कितीतरी जुन्या घरांच्या स्वयंपाकघरांत, देवळांच्या सभामंडपांत आणि शाळांच्या व्हरांड्यांत करड्या-निळसर रंगाची शहाबादी फरशी बसविलेली आहे. तीवर पिढ्यान्‌पिढ्या पाट मांडले गेले, मुले रांगली, उन्हाळ्यातल्या दुपारी घरातील माणसे उशीवाचून तीवर आडवी झाली. पण हे शहाबाद कोठे आहे, असे विचारले तर दहांपैकी नऊजण बुचकळ्यात पडतील. गाणगापूरला दत्तदर्शनासाठी जाणारे आमचे वाचक त्याच्या अगदी जवळ जाऊन आलेले असतात. भीमा-अमरजा संगमावरील ते क्षेत्र आणि शहाबाद ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहेत. २०१४ पर्यंत त्याला आपण गुलबर्गा म्हणत होतो. कलबुर्गी स्थानक ओलांडून गाडी वाडी जंक्शनाकडे धावू लागली, की रुळांच्या दुतर्फा फरशीच्या थप्प्या, पाण्याने भरलेल्या जुन्या खाणी आणि दूरवर सिमेंट कारखान्यांची धुराडी दिसू लागतात.

अंतराळात खाणी खोदण्याच्या गोष्टी सध्या जगभर चालल्या आहेत. खासगी कंपन्या लघुग्रहांवरून प्लॅटिनम आणणार, चंद्रावरून हेलियम आणणार, तेथील बर्फाचे इंधन करून विकणार, अशी भाषा ऐकू येते. हे केवळ अमेरिकेचे खूळ आहे असे समजून कोणी स्वस्थ बसू नये. भारत सरकारने २०२३ साली जे अंतराळ धोरण जाहीर केले, त्यात बिगर-सरकारी संस्थांनी लघुग्रहांवरील व अंतराळातील साधनसंपत्ती व्यापारी तत्त्वावर मिळवावी यास उत्तेजन दिले आहे. आणि अशा रीतीने मिळविलेली संपत्ती बाळगण्याचा, वाहून आणण्याचा व विकण्याचा हक्कही, देशाच्या आंतरराष्ट्रीय बंधनांच्या मर्यादेत, त्यांना मान्य केला आहे. प्रश्न आता आपल्या अंगणात आला आहे. या धंद्यात नफा आहे काय, आणि असलाच तर तो कोणाचा, हे दोन प्रश्न वेळीच विचारले पाहिजेत. त्यांची बरीचशी उत्तरे आकाशाकडे न पाहताही मिळतात. बिदर आणि कलबुर्गी या सीमाभागातील दोन जिल्ह्यांची माती ती देऊ शकते, असे आम्हांस वाटते.

पहिला धडा शहाबादचाच आहे. त्या परिसरातला चुनखडक कोट्यवधी वर्षांचा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला भीमा खोऱ्याच्या खडकांत गणतात. तो थराथराने निघतो, फारसे श्रम न करता त्याच्या लाद्या होतात. हा गुण त्याच्या अंगी राष्ट्रकूटांच्या काळीही होता. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, कागिणा नदीच्या काठी याच टापूत वसली होती. तरीही त्या दगडाची मुंबईपर्यंत ख्याती होण्यास एकोणिसावे शतक संपत यावे लागले. कारण उघड आहे. दगड जागेवर स्वस्त असतो, तो महाग होतो वाटेत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग १८७१ साली रायचूरपर्यंत पोहोचला, १८७४ साली वाडीहून सिकंदराबादकडे निजामाच्या रेल्वेचा फाटा सुरू झाला, आणि मगच बैलगाडीच्या आवाक्यापलीकडची गिऱ्हाइके शहाबादच्या फरशीला मिळाली. खाणीचा धंदा खाणीपेक्षा वाहतुकीवर अधिक अवलंबून असतो, हे या धंद्यातले आद्य सूत्र आहे. आमच्या गोव्यातील लोहखनिजाच्या व्यापाऱ्यांना ते पुस्तकात वाचावे लागले नाही. मांडवी आणि जुवारी या दोन नद्या आणि त्यांवरच्या बार्जी नसत्या, तर डिचोली-सांग्याचा डोंगर जागच्या जागी राहिला असता.

आता हेच सूत्र अंतराळास लावून पाहावे. आपले सर्वांत बलाढ्य प्रक्षेपण-वाहन एलव्हीएम-३ हे उड्डाणाच्या वेळी सुमारे ६४० टन वजनाचे असते. त्याने २०२३ च्या जुलैत चांद्रयान-३ ला अवकाशात नेले. यानाचे वजन ३,९०० किलोंच्या घरात होते आणि चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भूमीवर २३ ऑगस्ट रोजी जी फिरती गाडी उतरली, ती २६ किलोंची होती. त्या गाडीने तेथील मातीत गंधक असल्याची खात्री करून दिली, ही आपल्या शास्त्रज्ञांची थोर कामगिरी होय. परंतु त्या मातीचा एक कणही परत आलेला नाही, तो आणण्याची योजनाही त्या मोहिमेत नव्हती. परत आणण्याचा खर्च काय पडतो, हे अमेरिकेच्या एका मोहिमेवरून कळते. बेन्नू नावाच्या लघुग्रहाकडे २०१६ साली निघालेले यान सात वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, तेथील खडे-माती घेऊन आले. भरली ती १२१.६ ग्रॅम. मोहिमेचा खर्च एक अब्ज डॉलरांहून अधिक. म्हणजे ग्रॅमला ऐंशी लाख डॉलरांच्यावर पडले. प्लॅटिनमचा भाव उदारपणे ग्रॅमला दोनशे डॉलर धरला, तरी या हिशेबात नफा शोधणाऱ्याला दुर्बीणच लागेल. जपानच्या यानाने २०२० साली र्‍युगू या लघुग्रहावरून आणलेला ऐवज तर साडेपाच ग्रॅमही नव्हता. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हणसुद्धा येथे तोकडी पडते.

या मोहिमा विज्ञानासाठी होत्या, व्यापारासाठी नव्हत्या, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते योग्यच आहे. घाऊक प्रमाणात केल्यास खर्च उतरेल, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या अग्निबाणांमुळे पृथ्वीनजीकच्या कक्षेत एक किलो माल पोहोचविण्याचा दर सुमारे तीन हजार डॉलरांपर्यंत खाली आला आहे, तो आणखी खाली येईल, हेही खरे मानू. पण मग दुसरी अडचण उभी राहते. अमुक एका लघुग्रहात इतक्या इतक्या परार्ध डॉलरांचे धातू आहेत, अशा बातम्या आपण वाचतो. हे मोल आजच्या बाजारभावाने काढलेले असते. आजचा भाव आहे तो धातू दुर्मीळ आहे म्हणून. तो जहाजे भरभरून येऊ लागला तर भाव राहील कोठे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ॲल्युमिनियम हा राजेरजवाड्यांचा धातू होता. १८८६ साली विजेच्या साहाय्याने तो काढण्याची रीत सापडली आणि काही वर्षांतच त्याची पातेली झाली. ज्या मालाच्या टंचाईवर किंमत उभी आहे, त्या मालाचा सुकाळ करून श्रीमंत होऊ पाहणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविणे आहे. उलट थोडाच माल आणावा, तर मोहिमेचा खर्च निघत नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ साली बंद पडल्या. तेथले सोने संपले म्हणून नव्हे, तर सोने वर आणण्याचा खर्च सोन्याच्या किमतीला भारी झाला म्हणून. कोलारची खोली तीन किलोमीटरांची होती. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरांहून दूर आहे.

हलक्या आणि अतिमौल्यवान वस्तूंचे काय? चंद्राच्या मातीत हेलियम-३ नावाचा वायू आहे. अतिशीत यंत्रांत त्याचा उपयोग होतो आणि पृथ्वीवर तो फार थोडा मिळतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०२५ साली एका खासगी कंपनीशी चंद्रावरच्या अशा तीन लिटर वायूच्या खरेदीचा करार केला. लहानसा का होईना, हा खरा सौदा आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र एक ग्रॅम हेलियम-३ मिळविण्यास शंभर टनांच्या घरात माती उकरून तापवावी लागेल, आणि तीही जेथे दुरुस्तीला माणूस नाही अशा ठिकाणी. या वायूवर चालणाऱ्या ज्या वीजकेंद्रांची स्वप्ने दाखविली जातात, ती तर अजून कागदावरही धड उतरलेली नाहीत.

तरीही एक मार्ग असा आहे, की ज्यात नफ्याची शक्यता बुद्धीला पटते, आणि त्याचीही साक्ष कलबुर्गी जिल्हाच देतो. वाडी, मळखेड, सेडम या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने एकाला लागून एक का उभे राहिले? वाडीचा कारखाना १९६८ पासून चालू आहे. चुनखडक भाजला की त्याचे जवळजवळ ४४ टक्के वजन वायू होऊन उडून जाते. अर्थात दगड दूर नेऊन भाजणे म्हणजे निम्म्या वजनाचे भाडे धुरासाठी भरणे होय. म्हणून जेथे दगड तेथे भट्टी, हा व्यवहार ठरला. अंतराळातही हेच तत्त्व लागू पडेल. चंद्राच्या ध्रुवांजवळ बर्फ आहे. चंद्रावर पाण्याचा अंश आहे याचा पुरावा मिळविण्यात २००८ साली गेलेल्या आपल्या चांद्रयान-१ चा मोठा वाटा होता. हे पाणी पृथ्वीवर आणण्यात अर्थ नाही, पण तेथेच त्याचे विघटन करून अग्निबाणाचे इंधन केले, तर पृथ्वीवरून ते इंधन वाहून नेण्याचा अतोनात खर्च वाचेल. येथवर विचार सरळ आहे. पण सिमेंटला गिऱ्हाईक होते; मुंबई, पुणे, हैदराबाद ही शहरे वाढत होती. चंद्रावर इंधन घेणारे गिऱ्हाईक कोण? आज तरी एकच, ते म्हणजे निरनिराळ्या देशांची सरकारे. अमेरिकेच्या नासा संस्थेने २०२० साली चंद्रावरची थोडी माती गोळा करून जागेवरच मालकी सोपविण्यासाठी चार कंत्राटे दिली, त्यांत एका कंपनीने एक डॉलर मोबदला मागितला. पैसा महत्त्वाचा नव्हता. माती विकता येते असा पायंडा पाडणे महत्त्वाचे होते. त्याच कंत्राटदारांपैकी एका जपानी कंपनीची दोन याने, एक २०२३ च्या एप्रिलमध्ये आणि दुसरे २०२५ च्या जूनमध्ये, चंद्रावर आदळून नष्ट झाली.

तेव्हा निष्कर्ष असा निघतो: पृथ्वीवर माल आणून विकण्याच्या धंद्यात नजीकच्या काळात नफा दिसत नाही, तेथेच माल वापरण्याच्या धंद्यात तो संभवतो, पण रस्ता सरकारने बांधला आणि गिऱ्हाईकही सरकारच झाले तर. यात नवल नाही. ज्या लोहमार्गाने शहाबादला भाग्य दाखविले, तोही खासगी कंपनीने बांधला, पण सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिल्यावर. तूट आली तर ती रयतेच्या कराने भरून निघत होती. धाडस कंपनीचे, जोखीम प्रजेची.

येथे आम्हांला याच भूमीवरचा एक जुना प्रसंग आठवतो. बिदर आणि गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १८८६ च्या जानेवारीत निजाम सरकारने वॉटसन आणि स्ट्यूअर्ट नावाच्या दोघा इंग्रजांना राज्यातील खनिजांचा मक्ता दिला. त्यावर लंडनला 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी' उभी राहिली. भांडवल दहा लाख पौंडांचे. पण त्यातील बहुतेक भाग रोख रकमेवाचून, केवळ मक्त्याचा मोबदला म्हणून, मक्तेदारांच्याच खिशात गेले. एक कुदळही जमिनीला लागण्याआधी समभागांचा बाजार तापला. निजामाच्या वतीने लंडनला गेलेले अब्दुल हक, ऊर्फ सरदार दिलेर जंग, यांनी ते भाग दर्शनी किमतीहून चढ्या भावाने निजाम सरकारलाच विकत घ्यायला लावले, आणि मागाहून उघड झाले की विकणारे दुसरे कोणी नसून ते स्वतःच होते. ब्रिटिश पार्लमेंटला १८८८ साली या प्रकरणी चौकशी समिती नेमावी लागली आणि अब्दुल हक यांना पद गमवावे लागले. सिंगरेणीचा कोळसा खरा होता, तो पुढे निघालाही. पण पहिला नफा कोळशाचा नव्हता, कागदाचा होता. औराद-भालकीच्या किंवा आळंदच्या शेतकऱ्याला आपल्या पायांखालच्या भूमीचा सौदा लंडनमध्ये झाला, याची कुणकुणही लागली नसेल.

हा इतिहास शिळा झाला असे मानू नये. लघुग्रहांवर खाणी खोदण्यासाठी प्लॅनेटरी रिसोर्सेस नावाची कंपनी २०१२ साली मोठ्या गाजावाजाने पुढे आली. जगातले नामांकित धनिक तिचे पाठीराखे होते. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाच्या सरकारनेही तिच्यात सुमारे सव्वा कोट युरो गुंतविले. २०१८ साली कंपनीचा गाशा गुंडाळला गेला, ती भलत्याच व्यवसायातल्या कंपनीने विकत घेतली, आणि लक्झेंबर्गच्या करदात्यांचा पैसा बुडाला. तिची प्रतिस्पर्धी डीप स्पेस इंडस्ट्रीज हीही त्याच सुमारास दुसऱ्याच्या ताब्यात गेली. दोहोंपैकी एकीनेही लघुग्रहावरचा एक खडा उचलला नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲस्ट्रोफोर्ज या नव्या कंपनीने पाठविलेल्या यानाशी थोड्याच वेळात संपर्क तुटला. प्रयत्न फसणे हा गुन्हा नव्हे. विज्ञानाची वाट अपयशातूनच जाते. परंतु जेथे खनिजाआधी समभाग विकले जातात, तेथे सरकारी तिजोरीने चार पावले दूर उभे राहावे, हा १८८६ चा बोध निजामालाच लागू होता असे नाही.

आता हक्काचा प्रश्न. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चंद्रावर वा अन्य खगोलांवर कोणत्याही राष्ट्राला स्वामित्व सांगता येत नाही. पुढे १९७९ च्या चंद्रविषयक करारात ही संपत्ती समस्त मानवजातीचा सामायिक वारसा मानली गेली. भारताने १९८२ साली त्यावर सही केली, पण ते पुढे नेले नाही, आणि अमेरिका, रशिया, चीन तर त्यापासून दूरच राहिले. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून आपल्या नागरिकांना अंतराळातून काढलेल्या मालाची मालकी दिली. लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती आणि जपान यांनी तिचे अनुकरण केले. भूमी कोणाची नाही, पण तीतून काढलेला माल काढणाऱ्याचा, असा हा युक्तिवाद. समुद्र कोणाचा नसतो, पण जाळ्यातली मासळी रापणकाराची असते, हा दाखला त्यासाठी दिला जातो. आमच्या किनाऱ्यावरील लोकांना तो झटकन पटेल. पण मासळी पुन्हा पैदा होते, खडक होत नाही. आणि यांत्रिक होड्यांनी किनारा खरवडून काढल्यावर पारंपरिक रापणकाराच्या जाळ्यात काय उरते, हेही याच किनाऱ्याने पाहिले आहे.

या वादात निवाडा कसा करावा, यासाठी फार दूर जावयास नको. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. आमच्या गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहिता चालली, तरी उर्वरित भारताच्या बहुतेक भागांत हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेचे दावे शतकानुशतके या ग्रंथाच्या आधारे चालले. वडिलार्जित संपत्तीत वंशजाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो, हे त्यातील मुख्य सूत्र. दुसरे सूत्र स्वकष्टार्जिताचे. कुटुंबातील एखाद्याने वडिलार्जित धनाला धक्का न लावता जे मिळविले, ते त्याचे एकट्याचे. पण सामायिक धन वापरून मिळविले असेल, तर त्यात इतरांचाही वाटा. आम्हांला वाटते की अंतराळातील खाणींचा न्याय याच दोन सूत्रांत सामावला आहे. आकाश हे वडिलार्जित. ते आपण कमावलेले नाही, पुढच्या पिढ्यांचा त्यावर आपल्याइतकाच हक्क आहे. आणि खासगी कंपनीचे अंतराळातील धन स्वकष्टार्जित म्हणता येईल काय? ज्या प्रक्षेपणतळावरून तिचे यान उडते तो सार्वजनिक, ज्या संशोधनावर तिचे तंत्र उभे आहे त्यासाठी १९६९ पासून देशाने इस्रोच्या रूपाने पैसा ओतला, आणि तिचे यान कोसळून कोणाचे नुकसान झाले, तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये भरपाई द्यावयाची ती सरकारने. इतके सामायिक धन वापरल्यावर, मिळकत तेवढी एकट्याची, हे विज्ञानेश्वराच्या निकषावर टिकत नाही.

असा वाटा नंतर मागून मिळत नाही, हे गोमंतकाइतके कोणास ठाऊक असणार? पोर्तुगीज अमदानीत खाणींचे परवाने वाटले गेले. १९६१ साली मुक्ती आली, पण परवाने राहिले. त्यांचे रूपांतर साध्या भाडेपट्ट्यांत करण्यास १९८७ चा कायदा यावा लागला. डोंगर जहाजांत भरून गेले. शेतांत गाळ साचला. शेवटी २०१२ साली खाणी थांबल्या, २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते जुने पट्टे २००७ मध्येच संपले होते असे ठरविले, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणही रद्द झाले. खाणीवर पोट असलेल्या ट्रकवाल्यांची व बार्जवाल्यांची जी परवड झाली, ती वेगळीच. या सगळ्या मंथनातून एक अमृतबिंदू मात्र निघाला. २०१४ च्याच निकालाने लोहखनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. खनिज एकदाच निघते, म्हणून त्याचे मोल एकाच पिढीने खाऊन टाकू नये, हे तत्त्व देशात न्यायालयाच्या मुखाने उच्चारले गेले ते आमच्या मातीच्या निमित्ताने. ते अर्धशतक आधी उच्चारले गेले असते तर?

म्हणून अंतराळातील खाणींविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे. धोरण म्हणजे कायदा नव्हे. मालकीचा हक्क देण्यापूर्वी संसदेने तो सविस्तर कायद्याने, मुदत व अटी घालून द्यावा. सरकारी तळ, सरकारी तंत्रज्ञान आणि सरकारी हमी वापरणाऱ्या कंपनीच्या मिळकतीतून ठरावीक हिस्सा, गोव्यातील कायम निधीच्या धर्तीवर, भावी पिढ्यांसाठी राखून ठेवावा. आणि मिळकत शून्य असतानाच तो ठरवावा, कारण मिळकत आल्यावर ठरविणारे हात बांधले जातात. नुकसानभरपाईचा विमा कंपनीने उतरवावा. सार्वजनिक पैसा समभागांच्या बाजारात जाऊ नये. भारताने २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारांवर सही केली आहेच, तर त्या मंडळींत बसून लहान देशांच्या वाट्याची गोष्ट भारताने काढावी. स्वतः वसाहत राहिलेल्या देशाला मक्त्याचा अर्थ इतरांहून अधिक कळतो.

याचा अर्थ आम्ही अंतराळ संशोधनाला हात आखडता घ्या असे सुचवितो, असा कोणी करू नये. बिदरच्या बिद्री कामाचे उदाहरण घ्यावे. जस्त आणि थोडे तांबे यांच्या ओतीव भांड्यावर कारागीर चांदीची तार ठोकून बसवितो आणि शेवटी बिदरच्या जुन्या किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून त्याने भांडे घासतो. धातू काळाभोर होतो, चांदी तेवढी लखलखत राहते. ती माती मूठभरच लागते. ती कोणी वॅगनी भरून विकली तर कवडीमोल ठरेल. कारागिराच्या हाती ती अनमोल होते. बिदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री देऊन देशाने या हाताचाच गौरव केला. चंद्राच्या मातीचेही तसेच आहे. चांद्रयान-४ मोहिमेस २०२४ च्या सप्टेंबरात मंजुरी मिळाली असून तिच्यासाठी सुमारे २,१०४ कोटी रुपये राखले आहेत. ती चंद्राची थोडी माती आणणार आहे. ही रक्कम आम्हांला मुळीच जास्त वाटत नाही. मूठभर मातीतून जे ज्ञान मिळेल, त्याची किंमत बाजारात होत नाही, आणि ते कोणा एकाच्या मालकीचेही होत नाही.

आणि शेवटी पुन्हा जमिनीवर. आकाशातील खनिजाच्या वाटणीचा विचार करताना कलबुर्गीच्या खनिजाची वाटणी विसरणे शोभणार नाही. खाणपट्ट्यातील लोकांसाठी जिल्हा खनिज निधी स्थापण्याची तरतूद २०१५ साली कायद्यात आली. त्या निधीतील पैसा खाणीकाठच्या गावांच्या पाण्यावर, दवाखान्यांवर आणि शाळांवर पडतो आहे काय, हे पाहण्यास अग्निबाण लागत नाही. १९५६ साली राज्ये आखली गेली, तेव्हा बिदर-गुलबर्ग्याची मराठी गावे सीमेपलीकडे राहिली आणि त्यांचे गाऱ्हाणे दोन राज्यांच्या मधल्या फटीत पडले. दगड मात्र कोणत्याही भाषेचा नसतो. तो मराठी घरातही बसतो, कानडी घरातही. तो काढणाऱ्या मजुराच्या छातीत जाणारी धूळही भाषा विचारीत नाही.

फरशी बसविण्यापूर्वी गवंडी पाणसळ लावून पाहतो. पातळी चुकली तर पुढे कितीही घासले तरी पाणी एका कोपऱ्यातच साचते. अंतराळाच्या अंगणात पहिली फरशी अजून बसायची आहे. पाणसळ लावायची ती आत्ताच.